स्लॅब झाला, कागद कुठे?

सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलवर मागच्या तारखा टाकायची कला आपल्यापैकी कुणाला शिकवावी लागत नाही. जुलैचं प्रॅक्टिकल ऑक्टोबरात लिहायचं, रीडिंग शेजारच्या रूममधून आणायचं, तारीख मात्र जुलैची. सरांना कळतं, आपल्याला कळतं, आणि गाडी पुढे जाते. हाच प्रकार घराच्या बांधकामात होतो तेव्हा गाडी कुठे जाते, ते मला आमच्या घरच्या अनुभवातून थोडंफार कळलं. त्यावर हा लेख. स्थापत्यवाल्यांना यातलं काही ठाऊक असेल, पण घर सगळ्यांनाच असतं. आणि 'अरे तू इंजिनीअरिंगला आहेस ना, मग सांग' हा प्रश्न मेकॅनिकल आणि संगणकवाल्यांनाही चुकत नाही.

आमचं गाव जिते, तालुका पेण. पनवेल-रोहा लाईनवर आपटा सोडलं की जिते आणि पुढे हमरापूर. हमरापूर, जोहे हा सगळा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. आमच्या काकांचाही छोटासा कारखाना आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने त्या शेडचे पत्रे शेजारच्या वावरात नेऊन टाकले. तेव्हापासून घरात एकच विषय: घरावर एक मजला चढवायचा. खाली आधीच आरसीसीचं घर होतं. 'पुढेमागे वर बांधू' म्हणून कॉलमच्या सळया गच्चीवर फूटभर मोकळ्या सोडलेल्या. कोकणात अशी घरं पावलोपावली दिसतात. बरेच पावसाळे खाल्लेल्या त्या सळया तांबड्या झालेल्या असतात, आणि त्यांच्यावरच नवा कॉलम उभा राहतो.

मागच्या वर्षी पावसाच्या आधी घाईघाईने स्लॅब पडला. ठेकेदार ओळखीतला, बोलायला गोड. दिवाळीत घरी गेलो तर दोन गोष्टी अडकलेल्या. बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता थांबवलेला, कारण पूर्णत्वाचा दाखला आणि इंजिनीअरचं संरचना स्थैर्य प्रमाणपत्र नव्हतं. आणि काका विचारत होते, "ज्येष्ठापासून मूर्ती वरच्या हॉलमध्ये रचल्या तर स्लॅब घेईल ना रे?" मी ऐटीत वही काढली. राहत्या घराच्या स्लॅबवर आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन चल भार धरतात, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. साठवणुकीच्या जागेला त्याच्या कितीतरी पट. आता आपला स्लॅब किती जाडीचा, सळई किती मिलीमीटरची, अंतर किती? कुणालाच माहीत नाही. ड्रॉइंग नव्हतं. वही बंद केली.

ठेकेदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, कागद काय, होऊन जाईल. राहिलेल्या पैशाचं तेवढं बघा."

'होऊन जाईल' या दोन शब्दांत सगळी गोम आहे. काही कागद खरोखरच नंतर होतात. काही कागद एका विशिष्ट दिवशीच होऊ शकतात, आणि तो दिवस गेला की देव आला तरी होत नाहीत. हा फरक घरमालकाला कुणी सांगत नाही. त्याच्या मते सगळेच 'सर्टिफिकेट'.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ठेकेदाराच्या मागे लागतो ते बहुतेक दाखले द्यायचा अधिकार त्याला नसतोच. संरचना स्थैर्याचं प्रमाणपत्र ज्याने डिझाइन केलं तो स्ट्रक्चरल इंजिनीअर देतो. काम पूर्ण झाल्याचं परवाना असलेला आर्किटेक्ट किंवा इंजिनीअर लिहून देतो, आणि त्यावर भोगवटा प्रमाणपत्र देतं ते सक्षम प्राधिकरण. त्यासाठी अर्ज मालकाच्याच नावाने जातो. वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा. मीटरचा लोड वाढवताना महावितरण तोच मागते. मग मुख्य ठेकेदाराकडून काय घ्यायचं? सळईचं कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र, काँक्रीटच्या क्यूबचे रिपोर्ट, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची लेखी हमी, ज्या ड्रॉइंगवर काम केलं ती ड्रॉइंग, आणि या सगळ्या मंडळींची नावं. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण आमच्याकडे तीच नव्हती. 'इंजिनीअर आपलाच आहे' असं ठेकेदार वर्षभर सांगत होता. तो कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. असेलच तर.

दुसरा प्रश्न असा की दार कुणाचं ठोठवायचं. पेण तालुक्यात हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. पेण शहरात नगरपरिषद आहे. गावात गावठाणाच्या आत की बाहेर, यावरून चित्र बदलतं. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे पंचायतीच्या हद्दीत बांधायचं तर पंचायतीची आधी परवानगी लागते; गावठाणाबाहेर नगररचना कायदा १९६६ आणि जिल्हाधिकारी येतात. तालुक्यातली काही गावं २०१३ मध्ये नैना क्षेत्रात गेली आणि तिथे सिडको विशेष नियोजन प्राधिकरण झालं. २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण मिळून १२४ गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. म्हणजे रस्त्याच्या अलीकडचं घर एका कार्यालयात आणि पलीकडचं दुसऱ्यात असं होऊ शकतं. शेजाऱ्याने कुठून दाखला आणला हे विचारून उपयोग नाही. आपला गट नंबर घ्यायचा आणि तो कुणाच्या हद्दीत, हे लेखी विचारायचं.

यात आणखी एक मेख आहे. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बऱ्याच भागाला एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या छोट्या घरांसाठी सवलत जाहीर झाली: साधारण १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर वेगळी परवानगी नको; मालकीचे कागद, नकाशे, आणि बांधकाम नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला पंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं, झालं. गावात याचा अर्थ 'आता काही लागत नाही' असा लावला गेला. खरं तर उलट आहे. परवानगीच्या जागी अभियंत्याचा दाखला आला. तो दाखला नसेल तर आपल्याकडे परवानगीही नाही आणि तिच्याऐवजी ठेवायला कागदही नाही. घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा उतारा म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा पुरावा, हाही तसाच लाडका समज. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. पंचायत कर अनधिकृत घरावरही बसवते.

मग पंचायतीच्या दप्तरात आपल्या नावावर नेमकं काय आहे? हे शोधायला माहितीचा अधिकार २००५ फार कामी येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून साधा अर्ज: अमुक घर क्रमांकाच्या वाढीव बांधकामासाठी दाखल झालेला अर्ज, नकाशे, अभियंत्याचे दाखले यांच्या प्रती द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्या बाबतीत उत्तर आलं की एक नकाशा दाखल आहे, त्यावर एका अभियंत्याचा शिक्का आहे. म्हणजे ज्याचं नाव ठेकेदार सांगत नव्हता, तो माणूस पंचायतीच्या फायलीत वर्षभर शांतपणे बसून होता! आम्ही त्यांना भेटलो. ते म्हणाले, मी नकाशा काढून दिला, साईटवर मला कुणी बोलावलंच नाही, न पाहिलेल्या स्लॅबचं स्थैर्य मी कसं लिहून देऊ? तेव्हा राग आला होता. आता वाटतं, सगळ्या प्रकरणात सरळ वागलेला तोच एक माणूस.

ठेकेदाराकडून कागद काढण्याचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे त्याला अजून न दिलेले पैसे. कामाच्या वेळीच करारात लिहायचं की शेवटचे पाच-दहा टक्के कागद मिळाल्यावर. आमचा करार म्हणजे वहीच्या पानावर 'स्क्वेअर फुटाला इतके' एवढाच. सुदैवाने बँकेने हप्ता अडवल्यामुळे आपोआप पैसे शिल्लक राहिले. बाबा रोज फोन करायचे, तो रोज 'उद्या' म्हणायचा. फोनचा पुरावा राहत नाही. शेवटी पत्र लिहिलं. पत्रात राग नको, यादी हवी: कुठला कागद, कुणाचा, कुठल्या कामाचा, आणि पंधरा दिवसांची मुदत. स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवायची. (जुनी रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झाली, तेव्हा 'रजिस्टर एडी कर' असं घरच्यांनी सांगितलं तर पोस्टात गोंधळू नका.) पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी ठेकेदार स्वतः घरी आला. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

तो आला नसता तर? पुष्कळांना वाटतं रेरात जावं. पण २०१६ चा रेरा कायदा विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांचा आहे. आपल्याच घरावर मजला चढवणारा ठेकेदार त्यात बसत नाही. त्याच्यासाठी दार ग्राहक आयोगाचं. रायगडचा जिल्हा आयोग अलिबागला आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. घरबांधणी ही 'सेवा' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

आमच्यासारख्यांना जवळचा वाटेल असा खटला २००८ चा आहे, फकीरचंद गुलाटी विरुद्ध उप्पल एजन्सीज. दिल्लीच्या कैलाश कॉलनीतलं घर. मालकाने जुनं घर पाडून नवीन मजले बांधायला बिल्डरला दिलं; काही मजले बिल्डरचे, तळमजला मालकाचा. बिल्डरने पूर्णत्वाचा दाखला दिला नाही, मंजूर नकाशापेक्षा वेगळं बांधल्याचीही तक्रार होती. खालच्या मंचांनी सांगितलं, हा तर भागीदारीचा व्यवहार, तुम्ही ग्राहकच नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं: मालक ग्राहक आहे, आणि करारात कबूल केलेला पूर्णत्वाचा दाखला न देणं ही सेवेतली त्रुटी आहे.

दुसरा निकाल मुंबईचा, ११ जानेवारी २०२२ चा, समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. रहिवाशांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, भोगवटा प्रमाणपत्र मात्र नाही. त्यापायी वर्षानुवर्षं २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि पाण्याचे ५० टक्के जादा पैसे भरावे लागले. राष्ट्रीय आयोगाने तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दाखला न देणं ही रोज चालू राहणारी चूक आहे, म्हणून मुदत संपत नाही. हा निकाल वर्तमानपत्रांत गाजला आणि 'दाखल्याला मुदतच नसते' असं लोक म्हणायला लागले. इथे जपून. त्या बिल्डरवर १९६३ च्या मोफा कायद्याने प्रमाणपत्र मिळवायची जबाबदारी होती. आपल्या घरच्या ठेकेदारावर तसा कायदा नाही, असते ती फक्त करारातली कबुली. तेव्हा दोन वर्षांची मुदत आहे असंच धरून चालावं.

तर, ठेकेदार घरी आला. चहा झाला. मग त्याने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. आत क्यूब टेस्टचे रिपोर्ट! लेटरहेड, शिक्का, आमच्या स्लॅबची तारीख, सात दिवस आणि अठ्ठावीस दिवसांची ताकद, सगळं एम-२० ला शोभेल असं. बाबा खूश. मी स्लॅबच्या दिवशी सायटीवर होतो. पहाटे पाचला मिक्सर सुरू झाला तेव्हापासून संध्याकाळी पाणी धरेपर्यंत. त्या दिवशी क्यूबचा साचा कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता.

हिशेब करून पाहा. आमचा स्लॅब साधारण आठशे चौरस फूट, बीम धरून बारा-तेरा घनमीटर काँक्रीट. आयएस ४५६ प्रमाणे सहा ते पंधरा घनमीटरला दोन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब, म्हणजे १५० मिलीमीटरचे सहा ठोकळे अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीला. सात दिवसांचे हवे तर आणखी. ते त्याच घाणीतून, त्याच दिवशी भरावे लागतात, पाण्यात ठेवावे लागतात, आणि मोजून अठ्ठावीसाव्या दिवशी फोडावे लागतात. सहा महिन्यांनी ते कुठून आणणार? जर्नलसारखे शेजारच्या रूममधून?

घरात वाद झाला, खोटं कशाला लिहू. बाबांचं म्हणणं, बँकेला कागद हवाय, कागद मिळाला, विषय संपव. माझं म्हणणं, हा कागद घेतला की पुढे काही झालं तर 'मालकाने रिपोर्ट पाहून घेतला होता' असं होईल. शिवाय काका त्या रिपोर्टच्या भरवशावर वर मूर्ती रचणार. काका मध्ये काहीच बोलले नाहीत. आजीने विचारलं, "म्हणजे स्लॅब वाईट आहे का?" याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. त्या फाईलमध्ये तर मुळीच नव्हतं.

अशा वेळी महाडची आठवण होते, आपल्याच जिल्ह्यातली. २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत संध्याकाळी कोसळली, १६ माणसं गेली. गुन्हा एकट्या बिल्डरवर नव्हे, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही दाखल झाला, म्हणजे कागदावर सही करणाऱ्यांवर. घाटकोपरला २५ जुलै २०१७ ला सिद्धी साई इमारत पडून १७ जण गेले, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरबदलांकडे बोट दाखवलं गेलं. नवीन काम जुन्या सांगाड्याशी जिथे भिडतं तीच जागा नाजूक. वाढीव मजल्यात ती जागा म्हणजे गच्चीवरच्या त्याच गंजक्या सळया, आणि त्यांच्या खाली जुनं फुटिंग, ज्याच्यावर आता दुप्पट ओझं आलंय.

हुकलेला क्यूब रिपोर्ट परत मिळत नसला तरी स्लॅबला आज विचारता येतं. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो. स्वस्त, पटकन होणारी चाचणी, पण ढोबळ. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीने आतली पोकळी आणि भेगा समजतात. कव्हर मीटरने सळया कुठे, किती अंतरावर, किती खोल ते दिसतं, म्हणजे हरवलेलं ड्रॉइंग काही अंशी परत मिळतं. आणि खात्री हवी तर कोअर कापायचा. निदान तीन कोअर. त्यांची सरासरी ग्रेडच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक ७५ टक्क्यांच्या खाली नाही, ही आयएस ४५६ ची अट. एम-२० ला म्हणजे १७ आणि १५. कोअर बीममधून किंवा सळईवरून कापायचा नाही, आधी कव्हर मीटर फिरवायचा, आणि भोक पडलेली जागा नीट भरून घ्यायची. वायरिंगचं त्या मानाने सोपं: ते नंतरही तपासता येतं. ५०० व्होल्टचा मेगर लावायचा, इन्सुलेशन किमान एक मेगओहम यायला हवं, अर्थिंग मोजायचं, आणि परवानाधारकाने सही करायची. हा खरा 'होऊन जाईल'वाला कागद. सळईचं कारखान्याचं प्रमाणपत्रसुद्धा दुकानदाराच्या बिलावरून बऱ्याचदा शोधता येतं, फक्त त्यावरचा हीट नंबर आपल्या मालाचा आहे ना ते बघायचं. आपण दुसऱ्या वर्षी युटीएमवर सळई ताणतो ना, फे-५०० ला ५०० न्यूटनचा यील्ड आणि १२ टक्के लांबी, तेच आकडे तिथे छापलेले असतात.

आम्ही ठेकेदाराला फाईल परत दिली. त्याला वाईट वाटलं. म्हणाला, "सगळीकडे हेच देतो, कुणी परत केलं नाही." मला वाटतं हे तो खरंच बोलला. पुन्हा एक पत्र गेलं: क्यूब रिपोर्ट स्वीकारलेला नाही, चाचण्या करून घेत आहोत, खर्च तुमच्या शिल्लक रकमेतून वळता करू. तो कुरकुरला, पण अलिबागचं नाव पत्रात असल्यामुळे असेल, लेखी मान्यता दिली.

नकाशावाल्या अभियंत्यांनीच एका स्ट्रक्चरल इंजिनीअरना आणलं. दोन दिवस घरात ड्रिलचा आवाज. तीन कोअर निघाले. सरासरी सतराच्या थोडी वर, एक कोअर पंधराच्या अगदी काठावर. कव्हर मीटरने एका खोलीत सळयांचं अंतर ऐसपैस निघालं. कॉलमचं जोडकाम एके ठिकाणी फोडून पाहिलं आणि दोन कॉलमना जॅकेटिंग सुचवलं. ते काम ठेकेदाराच्या राहिलेल्या पैशांतून झालं, थोडे बाबांनी घातले. मग स्थैर्य प्रमाणपत्र मिळालं, चाचण्या झाल्या त्या तारखेचं. बँकेतल्या साहेबांनी तारीख बघून विचारलं, स्लॅबच्या एवढी नंतरची कशी? सोबतचे रिपोर्ट दाखवले. हप्ता सुटायला आणखी तीन आठवडे गेले.

त्या प्रमाणपत्रात एक ओळ आहे, वरचा मजला फक्त राहण्यासाठी, साठवणुकीसाठी नाही. काकांनी ती दोनदा वाचली. मूर्ती यंदाही पत्र्याच्या शेडमध्येच आहेत. पत्रे मात्र त्यांनी नव्या हुक बोल्टने आवळून घेतलेत, आणि वरच्या हॉलमध्ये फक्त रंगाचे डबे ठेवू का, असं मला फोनवर अजूनही विचारतात.